शटल म्हणजे नक्की काय? मागावरचं, स्टेशनवरचं की बॅडमिंटनचं?

कन्ना चौक
नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या चादर-टॉवेलच्या एका कारखान्यासाठी माहितीपत्रक करायचं आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. 'शटल' हा शब्द त्यात पाच-सहा ठिकाणी येतो आणि दर ठिकाणी गाडी अडते. मागावरचं शटल म्हणजे धोटा, आडवं सूत घेऊन ये-जा करणारं अवजार, इथवर ठीक. पण शटल बस, दौंड-पुणे शटल, स्पेस शटल, बॅडमिंटनचं शटल, शिलाई मशीनचं शटल, हे सगळे एकच शब्द आहेत की नुसते सारखे दिसतात? 'शट' म्हणजे बंद करणे, त्याच्याशी काही नातं आहे का? क्रियापद म्हणून हा शब्द कसा चालवायचा? आणि 'शटललेस'ला मराठीत काय लिहू? 'धोटाविरहित' लिहिलं तर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कुणाला कळायचं नाही.

शब्दवेल्हाळ
सगळे एकाच घरातले आहेत आणि घर मागवाल्याचं आहे.

जुन्या इंग्रजीत 'स्क्युटेल' असा शब्द होता. त्याचा अर्थ बाण, भाला, फेकून मारायचं हत्यार. 'शूट' या क्रियापदाच्या मुळाशी जो धातू आहे तोच याच्याही मुळाशी आहे. शेजारच्या जुन्या नॉर्स भाषेत 'स्कुटिल' म्हणजे मासे मारायचा भाला. म्हणजे मूळ कल्पना 'सपकन सुटणारी टोकदार वस्तू' एवढीच. चौदाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्रजीत हा शब्द विणकराच्या धोट्यासाठी सापडतो. ताण्याच्या, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या, धाग्यांमधून धोटा बाणासारखा सुटतो, म्हणून ते नाव.

इथे एक गंमत लक्षात घ्या. बाण सुटला की परत येत नाही. धोटा मात्र परत येतो आणि परत जातो. शब्द मागावर पोचला तेव्हा त्याला हा 'परत येण्याचा' अर्थ चिकटला, आणि पुढच्या काळात तोच मुख्य झाला. आज इंग्रजी माणसाला शटल म्हटल्यावर बाण आठवत नाही, ये-जा आठवते. सोळाव्या शतकात 'इकडून तिकडे भराभर ये-जा करणे' हे क्रियापद आलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत दोन ठिकाणांमध्ये सतत फेऱ्या मारणाऱ्या छोट्या गाडीला शटल म्हणू लागले. विमानाचा नंबर पुढे आला: 1961 साली ईस्टर्न एअर लाइन्सने न्यूयॉर्क, बॉस्टन आणि वॉशिंग्टन यांच्यात आगाऊ आरक्षणाशिवाय बसता येईल अशी शटल सेवा सुरू केली. अवकाशातलं शटल 12 एप्रिल 1981 ला पहिल्यांदा उडालं, त्याचं नाव कोलंबिया. त्याआधीची यानं माणसं घेऊन वर जायची आणि परतताना फक्त टोकाची कुपी समुद्रात किंवा जमिनीवर उतरायची. हे यान मात्र धावपट्टीवर विमानासारखं उतरून पुन्हा उडणार होतं, म्हणून शटल. आपली वर्तमानपत्रं त्याला 'अवकाशयान' लिहायची. त्यात परतीची बाजू गळून पडते. 'अवकाश-धोटा' कुणी लिहिलं असतं तर लोक हसले असते, पण अर्थाने तेच बरोबर.

आता 'शट'. तुमची शंका अर्धी बरोबर आहे. 'शट' हा 'शटल'चा बाप नाही, चुलतभाऊ आहे. पूर्वी दार बंद करायचं म्हणजे अडसर सरकवायचा. अडसर सपकन आत सारणे याला जो शब्द होता त्यातून 'शट' आला, आणि तोही 'शूट'च्याच कुळातला. दुकानाचं शटर 'शट'वरून. म्हणजे दुकानाचं शटर आणि मागावरचं शटल दूरचे नातेवाईक निघतात, पण थेट संबंध जोडू नका.

दोन शब्द मात्र घरातले नाहीत, त्यांना बाहेर ठेवा. कोळशाची बादली किंवा जहाज बुडवणे या अर्थांचा 'स्कटल' वेगळा आहे. आणि 'सटल', म्हणजे सूक्ष्म, जिथे स्पेलिंगमध्ये मुका बी असतो, तोही वेगळा. पण तो लॅटिनमधल्या 'विणलेल्या कापडाखालचा तलम धागा' अशा कल्पनेतून आला असं मानतात. तेव्हा मागाशी नातं त्याचंही आहे, फक्त दुसऱ्या दारातून.

बाणा-ताणा
वरचं सगळं बरोबर. पण ही वस्तू डोळ्यांसमोर नसेल तर शब्द हवेत राहतो, म्हणून थोडं मागाबद्दल.

धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा कठीण लाकडाचा तुकडा, दोन्ही टोकांना पोलादी टोपण. मधे पोकळी, तिच्यात उभं-आडवं होणारं एक दांडकं, त्यावर बाण्याची, म्हणजे आडव्या सुताची, कांडी बसते. कांडीवरून सुटलेलं सूत धोट्याच्या बाजूच्या भोकातून, म्हणजे डोळ्यातून, बाहेर येतं. आतल्या भिंतीला केसाळ अस्तर किंवा नायलॉनचे तंतू लावलेले असतात, त्यामुळे सूत भसकन सुटत नाही, ताण टिकतो. धोट्याची पाठ आणि तळ यांच्यातला कोन काटकोनापेक्षा किंचित कमी ठेवतात, कारण पाठीमागे फणी आणि खाली फळी असते आणि त्या दोघींमधला कोन तेवढाच असतो. कोन जुळला नाही तर धोटा फणीला चिकटून न जाता डुगडुगत जातो आणि कधीतरी बाहेर उडतो.

ताण्याचे काही धागे वर, काही खाली झाले की मधे एक बोगदा उघडतो. इंग्रजीत त्याला शेड म्हणतात. पत्र्याच्या शेडशी त्याचा संबंध नाही. हा 'वेगळे करणे' या अर्थाचा जुना शब्द आहे, 'वॉटरशेड'मध्ये तोच आहे. त्या बोगद्यातून धोटा एकीकडून दुसरीकडे जातो, फणी पुढे येऊन सूत ठोकते, बोगद्याचे धागे उलटतात, धोटा परत येतो. एक फेक म्हणजे एक पिक.

वेगाचा अंदाज असा. माग मिनिटाला 120 पिक चालतोय असं धरा. एका पिकला अर्धा सेकंद. त्यातला साधारण तिसरा हिस्सा वेळच धोट्याला पार व्हायला मिळतो. कापड दीड मीटर रुंद असेल तर सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास वेग लागतो, आणि मग समोरच्या पेटीत गच्च थांबायचं. पुन्हा उलट. धोट्याचं वजन अर्ध्या किलोच्या घरात. तो नेतो काय? वीस नंबरचं सूत दीड मीटर, म्हणजे 0.05 ग्रॅमपेक्षाही कमी. एवढ्याशा सुतासाठी अर्धा किलो लाकूड फेकायचं, अडवायचं, परत फेकायचं. पिकर (धोट्याला ढकलणारा तुकडा), पट्टे, दांडके झिजतात ते यामुळे. आणि तो ठाकठूक आवाज जो पूर्व भागात घराघरातून ऐकू यायचा, तोही यातूनच.

बिघाडाचे दोन मुख्य प्रकार, दोन्हींची इंग्रजी नावं माहितीपत्रकात कधी ना कधी लागतीलच.

शटल फ्लाय, म्हणजे धोटा उडणे. तुटलेली तार, म्हणजे ताण्याचा धागा, लोंबत राहिली आणि बोगदा साफ उघडला नाही, पिकर झिजला, फळीला खड्डा पडला, पेटी सैल झाली किंवा फेकीची वेळ पुढे-मागे झाली की धोटा वर उसळतो. शेजारच्या मागावरच्या माणसाच्या डोळ्याला लागू शकतो, म्हणून पुढच्या दांडीवर शटल गार्ड लावतात. तो काढून ठेवायची खोड अनेक ठिकाणी असते, कारण तार जोडताना हाताला आडवा येतो. काढू नये.

शटल ट्रॅप, म्हणजे धोटा मधेच अडकणे. फेक कमजोर पडली किंवा पेटीतला दाब जास्त झाला की धोटा पलीकडे पोचायच्या आत फणी पुढे येते. बचावाची यंत्रणा चालू नसेल तर एका ठोक्यात शेकडो तारा तुटतात आणि जोडायला अर्धा दिवस जातो.

पूर्वी डोळ्यातून सूत ओवायला तोंडाने ओढायचे, त्याला इंग्लंड-अमेरिकेत 'शटलचा मुका घेणे' म्हणत. एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागायची आणि रोग पसरायचे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने 1911 साली त्यावर कायद्याने बंदी घातली. कांडी बदलताना सूत आपोआप ओवलं जाणारे धोटे त्याआधीच, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, निघाले होते.

शब्दवेल्हाळ
@बाणा-ताणा, यात जॉन के राहिला. हाताने फेकायचा धोटा असताना कापडाची रुंदी विणकराच्या दोन हातांच्या अंतराएवढीच राहायची. त्याहून रुंद कापडाला दोन माणसं लागत, एक फेकणारा आणि दुसरा झेलून परत फेकणारा. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या या माणसाने 1733 साली ज्या नव्या धोट्याचं एकस्व (पेटंट) घेतलं, त्याला मराठीत 'धावता धोटा' म्हणतात. दोरीला झटका दिला की पिकर धोट्याला ढकलतो आणि तो फळीवरून पलीकडच्या पेटीत जातो. एकच माणूस, रुंद कापड, दुप्पट वेग. मग सूत पुरेना, आणि सूत कातायच्या यंत्रांच्या शोधाला जोर आला. विणकर मात्र त्याच्यावर खवळले, कारण दोघांचं काम एकाकडे गेलं.

लाळी
तुम्ही लोक इंग्रजीतच फिरताय. सोलापुरात प्रश्न विचारलाय तर इथल्या भाषांकडेही बघा की. कन्नडमध्ये धोट्याला 'लाळि' म्हणतात, तेलुगूत 'नाडे', हिंदीत 'ढरकी'. एका पेठेत तीन भाषा बोलणारे विणकर असायचे आणि एकाच वस्तूला तीन नावं चालायची. यंत्रमाग आले आणि सगळ्यांचं एकच 'शटल' झालं.

संस्कृतात धोट्याला 'तसर' म्हणत, हा शब्द ऋग्वेदातही आहे. टसर रेशीम या नावाचं मूळ तिथेच सांगतात, कारण त्या किड्याचा कोष धोट्याच्या आकाराचा दिसतो. टसरचा कोष हातात घेऊन बघा, दोन्ही टोकांना निमुळता, मधे फुगीर. आणि 'तंत्र' म्हणजे मुळात ताणा किंवा माग, ताणणे या अर्थाच्या 'तन्' धातूवरून. तंत्रज्ञान हा शब्द आज आपण मोबाइलला लावतो, तो मागाचाच आहे.

फ्रेंच लोक धोट्याला 'नावेत' म्हणतात, म्हणजे छोटी होडी. त्यांच्या विमानतळावरच्या बसलाही 'नावेत' आणि अवकाशातल्या शटललाही तेच. इंग्रजीला फेक दिसली, फ्रेंचांना होडी दिसली, ये-जा दोघांनीही पुढे तीच घेतली.

होटगी रोड मास्तर
आता वापराकडे, कारण मूळ प्रश्नात तोच भाग जास्त कामाचा आहे.

शटल म्हणायला तीन गोष्टी लागतात. दोन ठरलेली टोकं, परतीची फेरी, आणि हे पुन्हापुन्हा होणं. यातलं एक नसेल तर शब्द चुकतो. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाजवळ गाड्या लावायला जागा नसते म्हणून गावाबाहेर पार्किंग केलं आणि तिथून मैदानापर्यंत दर पंधरा मिनिटांनी बस सोडली, तर ती शटल. पार्क चौकातून निघून वीस थांबे घेत विजापूर रोडला जाणारी सिटी बस शटल नाही. वाटेत हात दाखवला की थांबणारी शेअर रिक्षा शटल नाही. सोलापूरहून मुंबईला रात्रीची जाणारी गाडी शटल नाही, ती परत येत असली तरी. अंतर लहान आणि फेऱ्या दाट, हे अपेक्षित असतं.

नाम म्हणून वाक्य असं: 'अ फ्री शटल रन्स बिटवीन द स्टेशन अँड द फॅक्टरी.' क्रियापद अकर्मक: 'ही शटल्स बिटवीन सोलापूर अँड पुणे.' सकर्मक: 'द बस शटल्स व्हिजिटर्स टू द शोरूम.' भूतकाळ शटल्ड. चालू काळात शेवटचा ई गळतो, 'शटलिंग'.

चुका कुठे होतात? पहिली, 'बिटवीन'नंतर 'टू' लावणे. 'शटल्स बिटवीन सोलापूर टू पुणे' हे मराठीच्या 'सोलापूर ते पुणे'मुळे हमखास होतं. 'बिटवीन' आला की पुढे 'अँड'. 'टू' हवा असेल तर आधी 'फ्रॉम' लागतो. दुसरी, 'शटल अप-डाउन' लिहिणे. आपल्याकडे मोहोळहून, बार्शीहून रोज सोलापूरला नोकरीला येणारा 'अप-डाउन करतो'. त्याला इंग्रजीत 'कम्यूट' म्हणायचं. शटल म्हटलं तर तो दिवसातून चार वेळा हेलपाटे मारतोय असं वाटतं. तिसरी, रस्त्यावर गाड्या नेहमी धावतात एवढंच सांगायचं असेल तर 'प्लाय' वापरा: 'बसेस प्लाय बिटवीन अक्कलकोट अँड सोलापूर.'

एक छटा फार उपयोगी आहे. कर्मणी प्रयोगात शटल तक्रारीसारखं येतं. 'ही वॉज शटल्ड फ्रॉम ऑफिस टू ऑफिस' म्हणजे त्याला या खिडकीवरून त्या खिडकीवर टोलवत ठेवलं. इथे दोनच टोकं असावीत हा नियम सैल होतो.

उलट दिशेने, मराठीत आणताना एकच प्रतिशब्द धरून बसू नका. आपल्याकडे ये-जा करण्याचे शब्द भावनेप्रमाणे बदलतात. काम न होता वारंवार जावं लागलं तर हेलपाटे. काळजीने दवाखान्याच्या बाहेर चालत राहिला तर येरझाऱ्या, आणि त्याला इंग्रजीत शटल नव्हे तर 'पेस' म्हणतात. माल किंवा माणसं वाहून नेली तर खेपा. वाहनाची असेल तर फेरी. शटल स्वतः तटस्थ आहे. 1973 च्या अरब-इस्राएल युद्धानंतर 1974 मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर इस्राएल आणि अरब राजधान्यांमध्ये विमानाने पुन्हापुन्हा जाऊन दोन्ही बाजूंचे निरोप पोचवत होते, त्यातून 'शटल डिप्लोमसी' रूढ झाली. तिथे 'हेलपाट्यांची मुत्सद्देगिरी' लिहिलं तर त्यांचे हेलपाटे वाया गेले असा अर्थ होईल, आणि ते काही तसे वाया गेले नाहीत. 'फेऱ्यांची मुत्सद्देगिरी' चालेल.

टाके-बखिया
शिलाई मशीनचं राहिलं. जुन्या मशिनांत खालच्या धाग्याची बॉबिन खरोखरच होडीसारख्या छोट्या शटलमध्ये बसायची आणि ते शटल पुढे-मागे सरकायचं, अगदी धोट्यासारखं. घरातल्या काळ्या मशिनीत आता जो अर्धचंद्राच्या आकाराचा तुकडा असतो तो गोल जागेत अर्धा वेढा पुढे जातो आणि अर्धा मागे येतो. म्हणजे तोही ये-जा करतो, नाव शोभतं. कारखान्यातल्या वेगवान मशिनींत हा भाग एकाच दिशेने पूर्ण फिरतो. तिथे परत येणं उरलं नाही, तरी टेलर शटलच म्हणतात. इंग्रजी माहितीपुस्तकात त्याला 'रोटरी हूक' लिहिलेलं असतं, त्यामुळे सुटा भाग मागवताना 'शटल' लिहिलं तर चुकीचा येऊ शकतो. मशिनचा मॉडेल नंबर द्या आणि जुना भाग सोबत दाखवा.

टाक्याखाली धाग्याचं जाळं होत असेल तर बहुतेक जण बॉबिनला दोष देतात. आधी वरचा धागा ताणाच्या तबकड्यांत नीट बसलाय का बघा, मग शटल काढून त्याच्या खाचेतला कापसाचा गाळ पुसा. टॉवेल शिवणाऱ्यांकडे हा गाळ फार लवकर साठतो.

बॅडमिंटनबद्दल दोन ओळी. शटल हे 'शटलकॉक'चं लघुरूप आहे. दोन फळ्यांमध्ये इकडून तिकडे उडतं म्हणून शटल, आणि कोंबड्याच्या शेपटीसारखी पिसं म्हणून कॉक. नियमाप्रमाणे 16 पिसं आणि वजन 4.74 ते 5.50 ग्रॅम. आपल्याकडची पोरं 'फूल' म्हणतात, तो शब्द मला शटलपेक्षा जास्त आवडतो.

कन्ना चौक
मालक, भारीच माहिती दिलीत सगळ्यांनी. मूळ पेच मात्र तसाच आहे: शटललेस. कारखान्यात काही जुने शटलचे माग आहेत, बाकी रेपियर, म्हणजे शटललेस. तीन वाक्यं लिहिलीत, तपासून द्या.
एक: 'अवर चादर्स आर मेड ऑन शटल.'
दोन: 'वुई ऑफर शटल-लेस टॉवेल्स.'
तीन: 'शटल बस अव्हेलेबल बिटवीन स्टेशन टू फॅक्टरी ऑन एव्हरी थर्टी मिनिट्स.'

बाणा-ताणा
दुसरं वाक्य सगळ्यात घातक. टॉवेल शटललेस नसतो, माग शटललेस असतो. ते वाचून परदेशातला गिऱ्हाईक बुचकळ्यात पडेल. 'टॉवेल्स वोव्हन ऑन शटललेस लूम्स' किंवा सरळ 'ऑन रेपियर लूम्स' लिहा. रेपियर लिहिणं जास्त नेमकं, कारण शटललेसमध्ये बरंच काही येतं. रेपियर म्हणजे मुळात पातळ लांब तलवार. मागावर एका बाजूने एक दांडी सूत धरून मध्यापर्यंत येते, दुसरी दांडी ते पकडून पलीकडे ओढते. एअरजेटमध्ये हवेचा झोत सूत नेतो. प्रोजेक्टाइलमध्ये जेमतेम 9 सेंटिमीटर लांबीची आणि 40 ग्रॅमची पोलादी गोळी सुताचं टोक चिमट्यात धरून पलीकडे जाते. सुल्झर कंपनीने 1953 मध्ये ते माग बाजारात आणले. ती गोळी परत येते, पण कापडातून नव्हे, खालच्या साखळीवरून रिकामी.

आणि फरक कापडावर दिसतो, हे माहितीपत्रकात जरूर घाला. शटलच्या मागावरची चादर घ्या आणि किनार बोटांत धरून बघा. बाण्याचं सूत किनारीपाशी वळून परत आत गेलेलं दिसेल, कुठेही कापलेलं नाही. धोटा त्याच सुताने परत आला त्याची ती खूण. इंग्रजीत किनारीला 'सेल्व्हेज' म्हणतात, तो शब्दच 'सेल्फ' आणि 'एज' मिळून झालाय: कापडाने स्वतःच केलेला काठ. रेपियरच्या कापडाची किनार बघा. तिथे प्रत्येक पिक कापलेलं असतं, टोकं बाहेर राहतात. म्हणून दोन जादा धाग्यांचा पीळ घालून ती बांधतात किंवा टोकं आत दुमडतात. टॉवेलला तर बाजूने शिवण मारून टाकतात, त्यामुळे तिथे सहसा लपतं. चादरीला उघडं पडतं.

शटलच्या मागाचा वेग कमी, कांडी संपली की माग थांबतो किंवा कांडी बदलणारा माणूस लागतो. हे खरंच तोट्याचं आहे, त्यावर पांघरूण घालू नका. पण काठ न कापलेला मिळतो, ते खुशाल सांगा.

लाळी
मराठीत 'शटललेस' तसंच राहू द्या. कारखान्यातला माणूस, यंत्र विकणारा, कर्जाचा अर्ज भरणारा, सगळे तोच शब्द लिहितात. 'बिनधोट्याचा माग' मला आवडतो आणि तो कानाला खरा मराठी वाटतो, 'धोटाविरहित'सारखा सरकारी वाटत नाही. पहिल्यांदा 'शटललेस, म्हणजे बिनधोट्याचे माग' असं एकदा लिहा आणि पुढे नुसतं शटललेस. इंग्रजीत तो जोडूनच लिहितात, मधे आडवी रेघ नको.

होटगी रोड मास्तर
पहिलं वाक्य: शटल हे मागाचं एक अवजार आहे, चादर अवजारावर होत नाही, मागावर होते. 'मेड' चुकीचं नाही, पण कापडाला 'वोव्हन' हवं. 'अवर चादर्स आर वोव्हन ऑन शटल लूम्स.' काही चादरी रेपियरवर होत असतील तर 'सम ऑफ अवर चादर्स' लिहा, कारण गिऱ्हाईक किनार बघणारच आहे.

तिसरं: दोन चुका. 'बिटवीन'बरोबर 'अँड', आणि 'एव्हरी'च्या आधी 'ऑन' नको. 'अ शटल बस रन्स बिटवीन द स्टेशन अँड द फॅक्टरी एव्हरी थर्टी मिनिट्स.' दिवसभर नसेल तर वेळही टाका. आणि बस स्टेशनवरून फक्त सकाळी एकदा निघत असेल आणि संध्याकाळी परत सोडत असेल, तर शटल हा शब्दच काढा. 'पिक-अप' लिहा.

कन्ना चौक
बस सकाळी एकदाच आहे ओ. काढतो.